रोझा पार्क्स दमल्या नव्हत्या : नागरी हक्कांच्या वाटेवरची एक बस-सहल, आपल्या वर्गातून



अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीची गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती बहुतेक वेळा अशी असते. शिवणकाम करणारी एक गरीब बाई दिवसभराच्या कामानं दमून बसमध्ये बसली होती. गोऱ्या माणसासाठी जागा सोड, असं सांगितल्यावर ती उठली नाही. तिला अटक झाली. मग मार्टिन ल्यूथर किंग आले, त्यांनी मोठं भाषण केलं आणि कायदा बदलला. पाच मिनिटांत गोष्ट संपते, मुलं टाळ्या वाजवतात, तास पुढे सरकतो.

या गोष्टीतली नावं खरी आहेत. पण ती ऐकून मुलांच्या हाती काय लागतं, याचा जरा विचार करा. अन्याय झाला की कुणीतरी थोर माणूस येईपर्यंत थांबायचं, एवढंच. उद्या याच मुलांना गावातल्या पाण्याचा नाहीतर शाळेच्या रस्त्याचा प्रश्न सोडवायची वेळ आली, तर या गोष्टीचा त्यांना काडीचा उपयोग होणार नाही. चळवळ उभी कशी राहते, खर्च कोण करतं, चुका कुठे होतात, पहिली झळ कुणाला बसते, हे सगळं त्या पाच मिनिटांत गळून गेलेलं असतं.

अमेरिकेच्या दक्षिण भागात या चळवळीची ठिकाणं दाखवणाऱ्या बस-सहली नेहमी निघतात. शाळा-कॉलेजांचे, चर्चचे, निवृत्त मंडळींचे गट अशा बसमधून चार-पाच दिवस फिरतात. आपल्याला काही लगेच तिकडे जाता येणार नाही. पण नकाशावर, बाकांची बस करून, ही सहल वर्गात नक्की काढता येते. सातवीपासून पुढे कुठल्याही वर्गाला चालेल. पालकांना घरी सुट्टीतल्या चार संध्याकाळींतही करता येईल.

तयारी

अमेरिकेचा नकाशा घ्या आणि जॉर्जिया व अलाबामा ही दोन राज्यं फळ्यावर मोठी काढा. पाच गावं टिंबांनी दाखवा : अटलांटा, ॲनिस्टन, बर्मिंगहॅम, सेल्मा, माँटगोमेरी. माँटगोमेरीहून रेघ परत अटलांटाला न्या. हा फेरा साधारण सव्वासातशे किलोमीटरचा होतो. मुलांना सांगा, मुंबई ते नागपूर जवळपास एवढंच अंतर आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करा. बस रस्त्याच्या क्रमानं जाते, काळाच्या क्रमानं नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर मुलांनी एका चिठ्ठीवर वर्ष आणि घटना लिहायची आणि ती दोरीवर योग्य जागी अडकवायची. सहल संपेल तेव्हा दोरीवर काळाचा क्रम आपोआप तयार होईल. आणि शेवटच्या थांब्यावर मुलांना एक गंमत कळेल : आपली बस जिथे पोचते, तिथूनच ही दोरी सुरू होते.

पहिला थांबा : अटलांटा

ऑबर्न ॲव्हेन्यू नावाचा एक रस्ता. इथल्या एका घरात १५ जानेवारी १९२९ रोजी मार्टिन ल्यूथर किंग जन्मले. थोड्या अंतरावर एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च आहे. त्यांचे आजोबा, वडील आणि पुढे ते स्वतः या चर्चचे धर्मगुरू होते. जवळच त्यांची आणि पत्नी कोरेटा यांची समाधी आहे.

बहुतेक माणसं इथे घराचा फोटो काढतात. मुलांचं लक्ष मात्र रस्त्याकडे वळवा. वर्णभेदाच्या काळात याच रस्त्यावर कृष्णवर्णीयांच्या मालकीची विमा कंपनी होती, बँक होती, वर्तमानपत्र होतं, दुकानं होती. गोऱ्यांच्या संस्थांची दारं बंद, म्हणून या लोकांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. ज्याचा पगार विरोधकाच्या हातात नाही, तोच आधी तोंड उघडू शकतो. चर्चचा धर्मगुरू, स्वतःचं दुकान असलेला न्हावी, अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक ही मंडळी चळवळीत पुढे दिसतात, त्यामागे हे एक साधं कारण आहे.

किंग पंधराव्या वर्षी इथल्याच मोरहाऊस कॉलेजात गेले. तिथले अध्यक्ष डॉ. बेंजामिन मेज १९३० च्या दशकात भारतात येऊन गांधीजींना भेटून गेले होते. किंग यांना घडवणारी माणसं त्यांच्याआधीपासून कामाला लागली होती, हे मुलांना इथेच कळू द्या.

मुलांना विचारा : आपल्या गावात निर्भयपणे बोलणं कुणाला सोपं जातं? कुणाला अवघड? का?

दुसरा थांबा : ॲनिस्टन

अटलांटाहून पश्चिमेला दोन तासांच्या आत हे छोटं शहर लागतं. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला सहलीची बस थांबते, ती एका जळालेल्या बसची आठवण म्हणून.

राज्याराज्यांमधल्या बस प्रवासात वर्णभेद बेकायदा आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं. डिसेंबर १९६० मध्ये बस स्थानकांवरच्या उपाहारगृहांनाही ते लागू झालं. तो खटला ब्रूस बॉइंटन या कायद्याच्या विद्यार्थ्याचा होता. त्याचं नाव लक्षात ठेवायला सांगा, त्याच्या आईची भेट आपल्याला सेल्मात होणार आहे. पण निकाल कागदावरच राहिला. तेव्हा ४ मे १९६१ रोजी तेरा जण, सात कृष्णवर्णीय आणि सहा गोरे, वॉशिंग्टनहून बसमध्ये बसून दक्षिणेकडे निघाले. कायद्यानं जे चालतं तेच करायचं, म्हणजे एकत्र बसायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. त्यांना 'फ्रीडम रायडर्स' म्हणतात.

१४ मे रोजी ॲनिस्टनमध्ये जमावानं त्यांच्यातल्या एका बसची चाकं फोडली, शहराबाहेर ती गाठली आणि पेटवून दिली. आतले प्रवासी कसेबसे बाहेर पडले. तिथल्याच एका दुकानदाराची बारा वर्षांची गोरी मुलगी त्या गर्दीतून पाणी घेऊन आली आणि धुरानं घुसमटलेल्या प्रवाशांना पाजत राहिली. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्यांच्याच वयाची होती ती.

हा प्रवास इथेच संपला असता. पण टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरातले विद्यार्थी म्हणाले, मारहाणीमुळे चळवळ थांबते असं एकदा दिसलं की पुढे प्रत्येक वेळी मारहाणच होईल. डायान नॅश या तरुणीनं नव्या तुकड्यांची जुळवाजुळव केली. निघण्यापूर्वी काहींनी मृत्युपत्रं लिहून ठेवली. त्या उन्हाळ्यात चारशेहून अधिक माणसं अशा प्रवासाला निघाली, बरीचशी तुरुंगात गेली, आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून बस स्थानकांवरच्या 'गोरे' आणि 'काळे' अशा पाट्या उतरवण्याचा सरकारी आदेश लागू झाला.

आता इथे आपलं गाव येतं. या नॅशव्हिलच्या मुलांना अहिंसक लढ्याचं प्रशिक्षण देणारे जेम्स लॉसन हे १९५३ ते १९५६ नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते. तिथे ते शिकवत, खेळांचं प्रशिक्षण देत आणि सत्याग्रहाचा अभ्यास करत. माँटगोमेरीतल्या बस-बहिष्काराची बातमी त्यांनी वाचली ती नागपूरच्या वर्तमानपत्रात. परत गेल्यावर त्यांनी नॅशव्हिलमध्ये चर्चच्या तळघरात कार्यशाळा घेतल्या. विद्यार्थ्यांपैकी काही जण हल्लेखोर व्हायचे, शिव्या द्यायचे, खुर्चीवरून ओढायचे, आणि बाकीच्यांनी हात न उचलता टिकून राहायचं. महिनोन्‌महिने सराव. अहिंसा म्हणजे नुसता गरीब स्वभाव, असं मुलांना वाटत असतं. ती शिकावी लागते, घोटून घ्यावी लागते, हे या थांब्यावर सांगा.

तिसरा थांबा : बर्मिंगहॅम

पालकहो, हा थांबा आपल्यासाठी सगळ्यात अवघड आहे.

१९६३ च्या वसंतात इथली चळवळ अडखळली होती. मोठी माणसं मोर्चात येईनात, कारण मोर्चात दिसलं की नोकरी जायची, घर जायचं. किंग यांचे सहकारी जेम्स बेव्हल यांनी सुचवलं, मुलांना बोलवू. त्यांना नोकरी नाही, म्हणून ती जायची भीती नाही. किंग कचरले. बऱ्याच लोकांनी टीका केली. तरी २ मे रोजी हजाराहून अधिक मुलं शाळा सोडून सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमली आणि तुकड्या-तुकड्यांनी बाहेर पडली. शेकडो मुलांना अटक झाली. त्यांत ऑड्री फे हेंड्रिक्स नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिनं आठवडाभर कोठडी भोगली. दुसऱ्या दिवशी समोरच्या केली इंग्राम पार्कमध्ये मुलांवर पोलिसी कुत्रे सोडले, आगीच्या बंबांचे जोरदार फवारे मारले. ती छायाचित्रं जगभर गेली. १० मे रोजी शहरातल्या व्यापाऱ्यांशी समझोता झाला.

आज त्या बागेत कुत्र्यांचे आणि मुलांचे पुतळे आहेत. वाट मुद्दाम अशी ठेवली आहे की दोन्ही बाजूंनी भिंतीतून बाहेर झेपावणाऱ्या कुत्र्यांमधून चालत जावं लागतं.

एक भाग खास आपल्या शिक्षकांसाठी. मोर्चात गेल्याबद्दल शहराच्या शिक्षण मंडळानं हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना शाळेतून काढलं. वरच्या न्यायालयानं काही दिवसांत तो निर्णय फिरवला. त्या दिवशी त्या शाळांतल्या एखाद्या वर्गावर आपण असतो, तर मुलांना दार उघडून दिलं असतं का? याचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाही आणि मुलांपुढे ते असल्याचा आव आणू नये, असं मला वाटतं.

पुढची घटना सांगताना जपून. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी त्याच चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि चार मुली मारल्या गेल्या : ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेर. तिघी चौदा वर्षांच्या, डेनिस अकरा वर्षांची. तपशील सांगू नका, पण चारही नावं फळ्यावर लिहा. आणि न्याय मिळायला किती काळ लागला याची वजाबाकी मुलांकडून करून घ्या. या गुन्ह्यात पहिली शिक्षा १९७७ मध्ये झाली, दुसरी २००१ मध्ये, तिसरी २००२ मध्ये. एकोणचाळीस वर्षं. मुलं हा आकडा काढतात तेव्हा वर्ग बहुधा आपोआप गप्प होतो. तेवढं पुरे.

चौथा थांबा : सेल्मा

बर्मिंगहॅमहून दक्षिणेला सुमारे १४० किलोमीटर. प्रश्न आता मताचा आहे. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत येतं, तिथे मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे १५,००० होते. मतदार यादीत नाव होतं जेमतेम ३०० जणांचं. नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडायचं, वर लेखी-तोंडी परीक्षा, आणि पास-नापास ठरवणारा गोरा अधिकारी. कायद्यात कुठेही 'काळ्यांना मत नाही' असं लिहिलेलं नव्हतं. नियम, वेळ आणि फॉर्म यांनीच ते काम होत होतं. हा मुद्दा मोठ्या मुलांबरोबर सावकाश उलगडा.

सेल्मात ज्या काही जणांनी वर्षानुवर्षं नोंदणीसाठी खटपट केली, त्यांत अमेलिया बॉइंटन होत्या, ॲनिस्टनच्या थांब्यावर ज्याचं नाव घेतलं त्या ब्रूसची आई. आणि २२ जानेवारी १९६५ रोजी इथे एक वेगळाच मोर्चा निघाला. शंभराहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक शाळा सुटल्यावर रांगेनं न्यायालयाच्या इमारतीकडे मत नोंदवायला गेले. पुढे होते त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एफ. डी. रीस. शिक्षकांचा पगार गोऱ्या शिक्षण मंडळाच्या हातात होता. नोकरी पणाला लावून ते आले होते. पोलिसांनी त्यांना पायऱ्यांवरून मागे ढकललं. गावातल्या मुलांनी आपले गुरुजी आणि बाई पाहिल्या, आणि मग इतर व्यावसायिकांचेही मोर्चे निघाले.

फेब्रुवारीत जवळच्या मॅरियन गावात जिमी ली जॅक्सन या तरुणाला राज्य पोलिसाची गोळी लागली आणि त्यात तो गेला. तेव्हा लोकांनी ठरवलं, सेल्मापासून राजधानी माँटगोमेरीपर्यंत चालत जायचं. ७ मार्च १९६५ रोजी सुमारे सहाशे जण निघाले. पुढे पंचवीस वर्षांचे जॉन लुईस होते. नॅशव्हिलच्या तळघरात शिकलेला आणि फ्रीडम रायडर्सच्या पहिल्या तेरांतला हाच तो मुलगा.

सहलीतली माणसं इथे बसमधून उतरतात आणि एडमंड पेटस पूल पायी ओलांडतात. हा पूल मधे उंच आहे. सेल्माच्या बाजूनं चढताना पलीकडचं टोक दिसत नाही. माथ्यावर पोचल्यावरच मोर्चेकऱ्यांना समोर उभे असलेले पोलीस दिसले. पुस्तकात 'मोर्च्यावर लाठीहल्ला झाला' एवढं एक वाक्य असतं. फळ्यावर पुलाची कमान काढा आणि मुलांना विचारा, माथ्यावर पोचल्यावर तुम्ही काय केलं असतं? ते पुढे गेले. लाठ्या आणि अश्रुधूर झाला, लुईस यांच्या डोक्याला जबर मार बसला, अमेलियाबाई रस्त्यावर बेशुद्ध पडल्या. त्या रात्री ही दृश्यं टीव्हीवर देशभर दिसली.

दोन आठवड्यांनी, न्यायालयाच्या परवानगीनं आणि सैन्याच्या संरक्षणात मोर्चा पुन्हा निघाला. २१ ते २५ मार्च, ८७ किलोमीटर. राजधानीत पोचताना सुमारे पंचवीस हजार माणसं होती. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर सही झाली.

वाटेत : हायवे ८०

सेल्मा ते माँटगोमेरी बसनं तासाभराचा रस्ता. पण इथे डोळे मिटू नयेत. मधे लाउन्ड्स काउंटी लागते. १९६५ च्या सुरुवातीला इथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदार यादीत त्यांतला एकही नव्हता. मोर्चा संपला त्या रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीनं ने-आण करणाऱ्या व्हायोला लिउझो या डेट्रॉइटच्या गोऱ्या बाईंना, पाच मुलांच्या आईला, याच रस्त्यावर गोळी घातली गेली. तिथे आज स्मारकाचा दगड आहे.

मोर्चे गेले, कॅमेरे गेले. पुढे काय झालं? नाव नोंदवलं म्हणून खंडानं जमीन कसणाऱ्या कुटुंबांना जमीनमालकांनी घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली, तीही दोन वर्षांच्या आसपास. मताची किंमत काय असते, हे त्या तंबूंनी जेवढं सांगितलं तेवढं कुठलंही भाषण सांगणार नाही. आज तिथे माहिती केंद्र आहे.

याच लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह छापत असत, आपल्याकडे असतं तसंच. त्यांनी चिन्ह निवडलं काळा बिबट्या, ब्लॅक पँथर. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या तरुणांनी ते नाव आणि चिन्ह आपल्या पक्षासाठी घेतलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांची दलित पँथर उभी राहिली, ती त्यांचंच नाव घेऊन. अलाबामातल्या शेतमजुरांच्या मतपत्रिकेवरचा बिबट्या सहा-सात वर्षांत वडाळा-कामाठीपुऱ्याच्या वस्त्यांपर्यंत पोचला. नकाशावर हा धागा मुलांना ओढू द्या.

पाचवा थांबा : माँटगोमेरी

आता आपण सुरुवातीच्या गोष्टीकडे आलो.

इथल्या डेक्स्टर ॲव्हेन्यूच्या एका टोकाला कोर्ट स्क्वेअर आहे. तिथे एकेकाळी गुलामांचा बाजार भरायचा. दुसऱ्या टोकाला राज्याची विधानसभा आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटलेल्या दक्षिणेच्या अध्यक्षाचा १८६१ मध्ये तिच्याच पायऱ्यांवर शपथविधी झाला आणि १९६५ चा मोर्चा तिच्याचपुढे येऊन थांबला. मधे किंग यांचं चर्च. १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी रोझा पार्क्स कोर्ट स्क्वेअरलाच बसमध्ये चढल्या. सगळं चालत जाण्याच्या अंतरात. अटक झाली त्या जागी आज त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

रोझाबाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. रोजच्यापेक्षा जास्त दमलेल्या नव्हत्या, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या अनेक वर्षं सचिव होत्या. अन्यायाच्या तक्रारी लिहून घेणं, लोकांना भेटणं हे त्यांचं काम. त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर शाळेत एका कार्यशाळेला त्या जाऊन आल्या होत्या.

त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्व्हिन ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच उठायला नकार देऊन तुरुंगात गेली होती. नेत्यांनी तिच्या अटकेवर आंदोलन उभारलं नाही. वय लहान, घर गरीब, हिचा निभाव लागेल का, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब बरोबर होता का? आठवी-नववीच्या मुलांना या प्रश्नावर बोलू द्या, कडाक्याचा वाद होईल. आणि मग सांगा, की बसमधला वर्णभेद ज्या खटल्यानं कायमचा संपला, त्यात वादी म्हणून उभ्या राहिलेल्या स्त्रियांत क्लॉडेट होती. रोझाबाईंचं नाव त्या खटल्यात नाही.

आणि आपल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवं असं नाव : जो ॲन रॉबिन्सन. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिका. १९४९ मध्ये बसमध्ये ड्रायव्हरनं त्यांचा अपमान केला होता. पुढे त्या स्त्रियांच्या राजकीय मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. मे १९५४ मध्ये त्यांनी महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला, म्हणजे रोझाबाईंच्या अटकेच्या दीड वर्ष आधी. बसच्या प्रवाशांत तीन-चतुर्थांश आम्ही आहोत, आम्ही नसलो तर बस चालणार नाहीत, हे त्यांनी त्या पत्रात मांडलं होतं. रोझाबाईंना अटक झाल्याचं कळलं त्याच रात्री रॉबिन्सनबाई कॉलेजात गेल्या आणि दोन विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन हजारो पत्रकं काढली, आपण पूर्वी सायक्लोस्टाईल करायचो तशी. पत्रकं कुणी कुठे वाटायची याचा आराखडा पहाटेपर्यंत तयार होता. सकाळी आठला त्यांचा तास होता. तो त्यांनी घेतला आणि मग वाटपाला निघाल्या.

सोमवार, ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. सव्वीस वर्षांचे, गावात नवे असलेले धर्मगुरू किंग यांना नेतृत्वासाठी निवडलं गेलं ते त्या दिवशी. बहिष्कार ३८१ दिवस चालला. सुमारे तीनशे खासगी गाड्यांची ने-आण, ठरलेल्या जागा, ठरलेल्या वेळा. पेट्रोलचे पैसे? जॉर्जिया गिल्मोर नावाच्या स्वयंपाकीण बाईंनी शेजारणींना घेऊन जेवण आणि केक विकून पैसे उभे केले. आपल्या गटाला त्यांनी 'कुठलाच नाही क्लब' असं नाव दिलं, म्हणजे पैसे कुठून आले असं विचारलं तर खरंखुरं उत्तर देता येईल : कुठूनच नाही! नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि २१ डिसेंबरपासून लोक मनाजोगत्या जागेवर बसू लागले.

शहराच्या एका टेकडीवर २०१८ साली उघडलेलं एक स्मारक आहे. जमावाच्या हातून मारल्या गेलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची आठवण म्हणून तिथे आठशेहून जास्त लोखंडी स्तंभ आहेत. प्रत्येक काउंटीचा एक. सहलीतली माणसं बहुधा आपल्या गावाचं नाव शोधत फिरतात. शाळकरी मुलांना याची फक्त ओळख द्या, खोलात जाऊ नका.

वर्गात काय करावं, काय टाळावं

करून पाहावं : मुलांना आपल्या गावाचा नकाशा द्या आणि सांगा, उद्यापासून एसटी आणि रिक्षा वापरायची नाही, वर्षभर. वर्गातल्या सगळ्यांचे आई-वडील कामावर कसे पोचतील? गाड्या कुणाच्या, वेळा कोणत्या, पैसे कुठून, आजारी माणसाचं काय? तासाभरात मुलांच्या लक्षात येतं की ३८१ दिवस म्हणजे काय चीज आहे. या एका उपक्रमात गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र तिन्ही येतात.

टाळावं : मुलांना 'गोरे-काळे' असे गट पाडून अपमानाचं नाटक करायला लावू नका. वर्गात अशी मुलं बसलेली असतात ज्यांच्या घरी हा अपमान नाटक नसतो. आणि एखादं मूल म्हणालं, "आमच्या गावातपण असंच होतं," तर विषय बदलू नका. 'ती अमेरिकेची गोष्ट आहे' असं म्हणून पळवाट काढता येईल, पण ती खरी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण केलं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्याला उत्तरही आलं. आपल्याच थोरांनी ही दोन दुःखं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली आहेत. त्या मुलाला शांतपणे बोलू द्या, बाकीच्यांना ऐकू द्या.

गृहपाठ

दोरी आता भरली असेल : १९५५, १९६१, १९६३, १९६५. मुलांना त्या दोरीवरच्या व्यक्तींची यादी करायला सांगा आणि प्रत्येकापुढे त्याचा व्यवसाय लिहायला लावा. शिवणकाम करणारी, इंग्रजीची प्राध्यापिका, स्वयंपाकीण, कायद्याचा विद्यार्थी, धर्मगुरू, शाळकरी मुली, शाळेतले गुरुजी, शेतमजूर. मग एकच प्रश्न लिहायला द्या : यांतलं कुठलं काम आपल्या घरातलं किंवा गल्लीतलं कुणी करू शकलं असतं?

वह्या तपासताना उत्तरं वाचा. कुणी आईचं नाव लिहील, कुणी दुकानदार काकांचं. एखादं मूल तुमचंही नाव लिहील, आणि त्या दिवशी शिक्षक म्हणून आपल्यालाही थोडा गृहपाठ मिळेल.